दप्तरांतील नकाशा व साह्याचा हक्क

भाऊबंदांत वाटणी होऊन बांध घातला गेला, तरी मोजणी व फेरफार झाल्यावांचून सरकारदप्तरीं तें शेत सामाईकच राहतें. आणि साह्य मिळतें तें दप्तर पाहून, बांध पाहून नव्हे. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली. तींत शेतकऱ्यानें स्वतः शेतांतून पिकाचें छायाचित्र नोंदवावयाचें असतें. २०२३ च्या खरिपांतील कापूस व सोयाबीन यांस २ हेक्टरांपर्यंत हेक्टरी ५,००० रुपये साह्य देतांना प्रथम हीच नोंद पाहिली गेली, व सामाईक खातेदारांस परस्परांचें ना-हरकत पत्र द्यावें लागलें. यास्तव शेतकरी बंधूंनीं पोटहिश्श्याच्या मोजणीचा अर्ज भूमि अभिलेख कार्यालयांत करावा, व आकारफोड होऊन स्वतंत्र सातबारा आणि दुरुस्त नकाशा हातीं येईपर्यंत स्वस्थ बसूं नये.