गोठवलेली भाजी आणि वसतिगृहाचे ताट

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीसारख्या गावात उन्हाळ्यात हिरवी भाजी दुर्मीळ व महाग होते आणि त्याची झळ वसतिगृहातील मुलांच्या ताटाला बसते. अशा वेळी ‘गोठवलेली भाजी निःसत्त्व असते’ हा समज आड येतो. तो योग्य नाही. कोवळा मटार तोडल्यावर लवकरच उकळत्या पाण्यातून १-२ मिनिटे काढतात. त्यामुळे रंग व चव बिघडवणारी विकरे निष्क्रिय होतात. पुढे उणे १८ अंश सेल्सिअसला तो महिनोन्महिने टिकतो. उकळताना थोडे ‘क’ जीवनसत्त्व जाते. तरीही चार दिवस बाजारात सुकलेल्या भाजीपेक्षा ते बहुधा अधिकच उरते. मात्र शीतसाखळी तुटता कामा नये. वीज गेल्याने वितळलेली भाजी पुन्हा न गोठवता त्याच दिवशी शिजवावी.

वीज भरवशाची नसेल तेथे आपल्या आयाबायांची वाळवणे आहेतच. सावलीत वाळवलेल्या मेथीत लोह व कॅल्शियम टिकते, ‘क’ जीवनसत्त्व मात्र बरेच नष्ट होते. ती उणीव जालन्याची मोसंबी किंवा लिंबाची फोड भरून काढते. शिवाय तिच्यामुळे मेथीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. सुट्टीत घरी आलेल्या मुलांच्या ताटातही ही जोडी असावी, ही पालकांना नम्र विनंती.