खाडीत कयाक : आधी तिथी, मग गळ

कयाकमधून गरवायला निघालेला नवखा माणूस आधी चौकशी करतो ती रॉड आणि रिळाची. खरं तर त्यानं आधी तिथी विचारावी. कोकण किनाऱ्यावर जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पृथ्वी स्वतःभोवती फिरेपर्यंत चंद्र पुढे सरकलेला असतो, म्हणून भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पंधरा तिथींत हा उशीर बारा तासांचा होतो, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. तोंडी हिशेबासाठी ती ४५ धरली गेली. आज भरती-ओहोटीची नेमकी वेळापत्रकं मिळतात, ती पाहावीतच.

पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला तेवढ्याच सहा तासांत कितीतरी जास्त पाणी खाडीत शिरतं आणि बाहेर पडतं, त्यामुळे ओढ जबर असते. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी सौम्य असतं. पहिले दिवस भांगाचेच निवडावेत, आणि खाडीच्या आतले.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तशा मुखांपासून नवख्यानं लांब राहावं. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीकडून मतलई वारे वाहतात. काठाशी पाणी सपाट दिसतं, पण हलकी कयाक नकळत बाहेर ढकलली जाते. दुपारी खारे वारे उलटे सुटतात. त्याच वेळी ओहोटी असेल, तर येणाऱ्या लाटांना बाहेर जाणारं पाणी अडवतं. लाटा जवळ जवळ येतात, उंच आणि उभ्या होतात. अर्ध्या तासापूर्वी शांत असलेली जागा कयाक उलटवू शकते. म्हणून पहाटे निघून वारा सुटायच्या आत परतावं. लाइफ जॅकेट अंगात घातलेलंच हवं, आणि उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव आधी उथळ पाण्यात करावा.

नांगराची गोष्ट फार थोडे जण सांगतात. वाहत्या पाण्यात तो कधीही मधल्या बाजूला बांधू नये. कयाक प्रवाहाला आडवी होते, दोरी वरच्या अंगाची कड खाली ओढते, तिच्यावर पाणी चढतं आणि क्षणात सगळं पालथं. नांगर टोकालाच हवा, आणि दोरी एका झटक्यात सुटणारी.

मासा मिळतो तो बहुधा ओहोटी लागल्यावर, कांदळवनाच्या कडेला. मुळांमधून उतरणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर येते, आणि तिथे जिताडा टपलेला असतो. मालवण-गोव्याकडे हाच चोणक. हा मासा सहसा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो. त्यामुळे गळाला लागलेला सगळ्यात मोठा जिताडा बहुतेक वेळा अंडी घालणारी मादी असते. तिला पाण्यातच धरून गळ काढावा आणि सोडून द्यावं. जेवणासाठी मधल्या आकाराचा पुरतो.