पांडुता दिसली, वृक्क तपासले का?

पुसद, उमरखेड, महागाव परिसरातील आपल्या चिकित्सालयांत दौर्बल्य, आयासाने श्वास व निस्तेज त्वचा घेऊन येणारा रुग्ण नित्याचा आहे. पांडुरोगाचे निदान होते. नवायस लोह वा पुनर्नवा मंडूर सुरू होतो. दोन महिन्यांनंतरही हिमोग्लोबिन वाढत नसेल, तर कल्पास दोष देण्यापूर्वी वृक्कांचा विचार करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

सुश्रुताचार्यांनी वृक्कांची उत्पत्ती रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून सांगितली आहे. वृक्क व रक्त यांचे नाते आधुनिक शास्त्र असे उलगडते : प्राणवायू कमी पडताच वृक्कातील विशिष्ट पेशी एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक स्रवतात आणि ते अस्थिमज्जेस रक्तकणनिर्मितीची प्रेरणा देते. प्रौढांत याचा सुमारे ९० टक्के भाग वृक्कांतच तयार होतो. जीर्ण वृक्कविकारात हा स्राव अपुरा पडतो. शिवाय सुमारे १२० दिवस जगणारा रक्तकण मलसंचयामुळे लवकर नष्ट होतो. हेप्सिडिन वाढल्याने आतड्यातून लोहाचे शोषण घटते व साठ्यातील लोहही मज्जेपर्यंत पोहोचत नाही. डायलिसिसवरील रुग्णात थोडाथोडा रक्तक्षयही होतो.

म्हणूनच येथे केवळ लोहकल्प अपुरे ठरतात. मधुमेह, उच्च रक्तदाब, पादशोथ वा फेसाळ मूत्र असलेल्या पांडुरुग्णाचे सीरम क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन अवश्य तपासावे. फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहिल्याविना लोह वाढवू नये. विदर्भात सिकलसेल आढळतो व तो वृक्कांसही बाधतो; तीही चाचणी विसरू नये.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही विनंती. वृक्करुग्णास वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत. यवक्षारात पोटॅशियम असते. दुर्बल वृक्क ते बाहेर टाकू शकत नाहीत व हृदयास धोका संभवतो. ईश्वरीच्या कुळातील वनस्पतींमधील ॲरिस्टोलोकिक आम्ल वृक्कनाशक असून त्यात रक्ताल्पता विशेष तीव्र असते.

एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन आज उपलब्ध आहे. परंतु त्याची मात्रा वृक्कतज्ज्ञानेच ठरवावी, कारण हिमोग्लोबिन १३ च्या पुढे नेल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. अशा रुग्णास वेळीच तज्ज्ञाकडे पाठविणे हा आपल्या शास्त्राचा पराभव नव्हे. साध्यासाध्यविचार आपल्याच आचार्यांनी शिकविला आहे.