मायनार्स्कीने मित्राला वाचवलं नाही

दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या हवाई दलात गनर असलेल्या अँड्र्यू मायनार्स्कीची गोष्ट सांगताना लोक तिला नकळत गोड शेवट जोडतात. त्या गोष्टीला तशा शेवटाची गरज नव्हती.

गैरसमज : गनर म्हणजे रात्रभर गोळ्यांचा वर्षाव करणारा लढवय्या.

वस्तुस्थिती : रात्रीच्या हल्ल्यात गनरचं मुख्य काम डोळ्यांचं. गोठवणाऱ्या थंडीत तासन्‌तास अंधार न्याहाळायचा आणि शत्रूचं विमान दिसताच वैमानिकाला सावध करायचं. पण धोका कमी नव्हता : ब्रिटिश बाँबर कमांडच्या सुमारे १,२५,००० हवाई सैनिकांपैकी ५५,५७३ जण मेले. मायनार्स्की काही जन्मजात योद्धा नव्हता. विनिपेगमधल्या पोलिश स्थलांतरितांचा तो मुलगा. सोळाव्या वर्षी वडील गेले आणि घर चालवायला तो फरच्या कपड्यांच्या धंद्यात कामाला लागला.

गैरसमज : त्याने जळत्या विमानातून मित्राला बाहेर काढलं.

वस्तुस्थिती : नाही काढता आलं. १२ जून १९४४ च्या रात्री ४१९ स्क्वाड्रनचं त्याचं लँकेस्टर विमान फ्रान्समधल्या कांब्रेवर निघालं होतं. मध्यरात्रीनंतर जर्मन विमानाने मागून, खालून मारा केला. डावीकडची दोन्ही इंजिनं बंद पडली. शेपटीकडच्या गनरची फिरती कोठडी त्यातल्याच एका इंजिनाच्या जोरावर फिरायची. ती वाकडी अडकली आणि आत त्याचा मित्र, गनर पॅट ब्रॉफी. हाताने फिरवायचं हँडलही तुटलं. वैमानिकाने उड्या मारायला सांगितलं होतं. मायनार्स्की दारापर्यंत पोचलाही होता. तिथून त्याला ब्रॉफी दिसला.

तो पेटत्या तेलातून रांगत मागे गेला. कुऱ्हाडीने घाव घातले, मग नुसत्या हातांनी ओढून पाहिलं. कंबरेपर्यंत कपडे पेटले होते. ब्रॉफीनेच त्याला हातवारे करून परत पाठवलं. जाताना त्याने ब्रॉफीकडे पाठ केली नाही, आगीतून उलटा रांगत मागे सरकला. दारात सावधान उभं राहून सॅल्यूट केला आणि उडी मारली. हे वाचताना मी दर वेळी त्या सॅल्यूटपाशी थांबते.

ब्रॉफी विमानासकट जमिनीवर आदळला, बाहेर फेकला गेला आणि जगला. हा निव्वळ योगायोग.

गैरसमज : पॅराशूट जळाल्यामुळे मायनार्स्की वरून कोसळून मेला.

वस्तुस्थिती : पॅराशूट पेटलं होतं, तरी तो जिवंत उतरला. फ्रेंच लोकांना तो सापडला, पण भाजल्याच्या जखमांनी गेला. वय सत्तावीस. सातपैकी बाकी सहाही जण वाचले.

गैरसमज : एवढा पराक्रम, पदक लगेच मिळालं असेल.

वस्तुस्थिती : साक्षीदार एकच, ब्रॉफी. तो परतला नसता तर हे कुणालाच कळलं नसतं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला तो ११ ऑक्टोबर १९४६ रोजी, युद्ध संपून वर्ष उलटल्यावर. मानपत्रात कुणाला वाचवल्याचा दावा नाही. त्याने केलेला प्रयत्न आहे तसा नोंदवला आहे.

मायनार्स्कीच्या त्या रात्रीनंतर चार आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले आणि धारातीर्थी पडले. त्यांनाही हेच पदक मरणोत्तर मिळालं. माणगावला गेलात तर त्यांच्या पुतळ्यापाशी घटकाभर थांबा, आणि सोबतच्या मुलांना त्यांची हकिगत घडली तशीच सांगा.