चाकांवरचे घर आणि वाटेवरची गावे
ऑस्ट्रेलियातील कॅराव्हॅन-प्रवासामागची व्यवस्था

ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दुपटीहून अधिक आहे. लोकसंख्या मात्र पावणेतीन कोटींच्या आसपास असून तीही बहुतांशी समुद्रकिनाऱ्यालगतच्या पट्ट्यात एकवटलेली आहे. उरलेला अंतर्भाग कोरडा व विरळ वस्तीचा आहे; त्याला तेथे 'आऊटबॅक' म्हणतात. अशा देशात मोटारीमागे लहानसे घर जोडून महिनोन् महिने हिंडण्याची प्रथा रुजली आहे. या फिरत्या घराला कॅराव्हॅन म्हणतात. त्यात बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी आणि बहुधा शौचकूपही असते. हा प्रवास वरकरणी स्वच्छंद वाटतो. प्रत्यक्षात तो रस्ता, पाणी, स्वच्छता आणि वाटेवरील लहान गावांचे शहाणपण यांवर उभा आहे.

तांड्यापासून कॅराव्हॅनपर्यंत

'कॅराव्हॅन' हा शब्द मुळात फारसी. त्याचा अर्थ प्रवाशांचा तांडा. ऑस्ट्रेलियात असे खरेखुरे तांडे होऊन गेले आणि त्यांचा भारतीय उपखंडाशी संबंध आहे. १८६० मध्ये बर्क व विल्स यांच्या मोहिमेसाठी कराचीहून उंट व उंटवाले नेण्यात आले. पुढे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इत्यादी भागांतून आलेल्या उंटवाल्यांनी खंडाच्या अंतर्भागात धान्य, लोकर व तारायंत्राचे सामान वाहून नेले. त्या सर्वांना सरसकट 'अफगाण' म्हटले जाई. दक्षिणोत्तर धावणाऱ्या 'घान' या आगगाडीचे नाव त्यांच्यावरूनच पडले, असे मानले जाते. मालमोटारी आल्यावर उंटांचे काम संपले. सोडून दिलेल्या उंटांची पिढी आज रानात मोकाट हिंडते.

किनारा आणि अंतर्भाग

'हायवे वन' हे महामार्गांचे जाळे सुमारे १४,५०० किलोमीटर लांबीचे असून ते जवळजवळ संपूर्ण खंडाला वळसा घालते. किनाऱ्यावर गावे जवळजवळ आहेत. व्हिक्टोरिया राज्यातील 'ग्रेट ओशन रोड' हा प्रसिद्ध मार्ग पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, आपल्या मृत सहकाऱ्यांचे स्मारक म्हणून बांधला. अशा भागात अडचण असते ती गर्दीची. सुट्टीच्या दिवसांत मुक्कामाच्या जागा आधीच राखून ठेवाव्या लागतात. वाळूच्या टेकड्यांची झीज होऊ नये म्हणून नेमलेल्या जागीच वाहन उभे करावे लागते.

अंतर्भागात अडचण नेमकी उलटी. दक्षिणेकडील नलारबॉर या वृक्षहीन पठारावरून जाणारा आयर महामार्ग पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन असा सुमारे १,६६० किलोमीटर लांबीचा आहे. १९७६ मध्ये त्याचे डांबरीकरण पूर्ण झाले. त्याचा एक भाग १४६ किलोमीटरांहून अधिक अंतर एकही वळण न घेता जातो. पेट्रोल, जेवण आणि मुक्काम एकत्र मिळणारी 'रोडहाऊसे' येथे कधी कधी दोनशे किलोमीटरांच्या अंतराने येतात आणि तेथेही टाक्या भरण्याइतके पाणी मिळेलच असे नाही. म्हणून पाणी, इंधन आणि सुटी चाके बरोबर घेऊनच निघावे लागते.

नियम आणि त्यांची कारणे

या प्रवासाचे नियम अनुभवातून बनले आहेत. कॅराव्हॅनमधील जड सामान खाली आणि चाकांच्या आसाजवळ ठेवावे लागते. ते मागे गेल्यास वेगात गाडी झोके घेऊ लागते व उलटू शकते. तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात. म्हणून जाणकार प्रवासी दिवस मावळण्यापूर्वीच मुक्काम गाठतात. उत्तर भागात नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा व वादळांचा काळ असल्याने निवृत्त मंडळी थंडीत, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, दक्षिणेकडून तिकडे जातात. पावसानंतर कच्चे रस्ते बंद केले जातात. ओल्या मातीत एक जड वाहन गेले तरी खोल चाकोऱ्या पडतात व दुरुस्तीचा बोजा तेथील स्थानिक संस्थेवर येतो. म्हणून बंद रस्त्यावर जाणाऱ्यास दंड होतो.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर फळे, भाज्या व मध काढून घेतला जातो. फळमाशी आणि मधमाश्यांचे रोग यांपासून शेती वाचविणे हा त्यामागील उद्देश. मूळ रहिवाशांच्या जमिनींतून जाणाऱ्या काही रस्त्यांसाठी परवाना लागतो. १९८५ मध्ये उलुरू हा विशाल खडक त्याच्या पारंपरिक मालकांना, अनंगू लोकांना, परत देण्यात आला आणि २०१९ पासून त्यावर चढणे बंद झाले.

संकटसमयी मदतीची योजनाही आहे. रेव्हरंड जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नाने १९२८ मध्ये क्वीन्सलँडमधील क्लॉनकरी येथून विमानाने वैद्यकीय सेवा सुरू झाली. तीच आजची 'रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस'. आयर महामार्गाचे काही तुकडे या विमानांना उतरण्यासाठी आखून ठेवलेले आहेत.

गावांपुढील प्रश्न

या वाटांवरील अनेक गावे लहान आहेत. प्रवासी एक रात्र थांबला तर वाण्याचे दुकान, पाववाला, दुरुस्तीचे दुकान यांचा धंदा चालतो. तो न थांबता गेला तर गावाच्या वाट्याला केवळ धूळ येते. म्हणूनच थांबण्याचे निमित्तही निर्माण केले जाते. २००९ मध्ये नलारबॉरवर सेडूना ते कालगुर्ली अशा सुमारे १,३६५ किलोमीटर अंतरात अठरा टप्प्यांचे गोल्फचे मैदान पसरविण्यात आले. खेळाच्या निमित्ताने चालकाला विश्रांती मिळते आणि रोडहाऊसला गिऱ्हाईक.

कॅराव्हॅन व मोटारघरे बाळगणाऱ्यांची तेथील राष्ट्रीय संघटना सोयी करणाऱ्या गावांना 'मित्रगाव' अशा अर्थाची मान्यता देते. त्यासाठी दुकानांजवळ लांब वाहन उभे करण्याची जागा, पिण्याचे पाणी, शौचटाकी रिकामी करण्याची बंदिस्त सोय आणि अल्प दरात रात्र काढण्याची जागा आवश्यक असते. येथेच वादही उद्भवतो. स्थानिक संस्थेने मैदान स्वस्तात दिले की कर भरणारे खासगी वाहनतळचालक तक्रार करतात. त्यांची तक्रार निराधार नाही. काही गावांनी यातून मध्यम मार्ग काढला आहे : ज्या वाहनांत स्वतःचे पाणी, शौचकूप व सांडपाण्याची टाकी आहे त्यांनाच स्वस्त जागा, तीही मोजक्याच रात्री, इतरांनी वाहनतळावर जावे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन-पर्यटनाचे धोरण स्वीकारले आहे. कोकणाचा किनारा आणि नलारबॉरचे पठार यांत साम्य नाही. आपल्याकडे गावे दाट आहेत आणि पाणी आधी गावाला पुरले पाहिजे. तरीही तेथील एक अनुभव आपल्या उपयोगाचा आहे. वाहने येण्यापूर्वीच पाणी कोठून द्यायचे, मैला कोठे जाणार, किती वाहने थांबू द्यायची आणि त्यापासून गावाला काय मिळणार, हे ग्रामसभेत ठरले पाहिजे. आधी सोय करणाऱ्या गावाला पाहुण्यापासून उत्पन्न मिळते; तशी सोय नसलेल्या गावाला मात्र पाहुणा गेल्यावर त्याची घाण उपसावी लागते.