सहलीचा धूर आणि मृगाचा पाऊस



भूगोलाच्या अभ्यासात दोन प्रश्न हमखास येतात. ‘पर्यटनाचे परिणाम लिहा’ आणि ‘हवामान बदलाची कारणे सांगा’. दोन्हींची उत्तरे मुलांना पाठ असतात. पहिल्यात रोजगार, परकीय चलन, कचरा. दुसऱ्यात कारखाने, वाहने, जंगलतोड. उत्तर लिहिले की वही मिटते. या दोन प्रश्नांचा एकमेकांशी काही संबंध आहे, आणि दोघांचा मिळून आपल्या बेळगुंदीच्या शिवाराशी आहे, हे मात्र सांगायचे राहून जाते. सहलीचे ठिकाण ठरवण्याचे दिवस आले की हा विषय शाळेत निघतोच, म्हणून या अंकात त्यावर जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी आपल्या दारातले पर्यटन पाहू. पाऊस धरला की शनिवार-रविवारी बेळगाव शहरातून पश्चिमेकडे गाड्यांची रीघ लागते. कुणी राकसकोपचा जलाशय पाहायला येतो, कुणी वैजनाथ-महिपाळगडाकडे जातो, कुणी पुढे तिलारी, आंबोलीकडे. दुसरी मोठी वाट जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ला घाटाने गोव्यात उतरते. लोकांनी हिरवा डोंगर, धुके, धबधबा पाहायला यावे यात गैर काहीच नाही. आपल्याला रोज दिसते म्हणून त्याचे मोल कमी होत नाही. पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना युनेस्कोने २०१२ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, ती उगाच नाही.

पर्यटनाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या भागातून गोव्याला रोज भाजी जाते. २०१९ साली गोव्यात सुमारे ८० लाख पर्यटक आले. गोव्याची स्वतःची लोकसंख्या पंधरा-सोळा लाखांच्या घरात. एवढ्या पाहुण्यांच्या ताटातली कोबी, फ्लॉवर, मिरची, कोथिंबीर घाटावरूनच जाते. २०२० च्या टाळेबंदीत गोव्यातली हॉटेले बंद झाली, तेव्हा बेळगावच्या भाजी बाजाराला त्याची झळ बसली. म्हणजे ज्याने कधी समुद्र पाहिला नाही अशा शेतकऱ्याच्या घरातही पर्यटनाचा पैसा येतो. रस्त्याकडेला काजूगर विकणारी आजी, चहा-भजीचा गाडा लावणारा तरुण, खोली भाड्याने देणारे कुटुंब, या सगळ्यांचे त्यावर चालते. पर्यटन नको म्हणणे सोपे आहे. ही कमाई दुसरीकडून कुठून आणायची, ते सांगणे अवघड.

आता दुसरी बाजू. पाहुणा दुपारी येतो आणि संध्याकाळी जातो, पण त्याने आणलेले सगळे त्याच्याबरोबर परत जात नाही. रिकाम्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, थर्माकोलच्या ताटल्या मागे राहतात. त्यातल्या त्यात बाटली फुटली की मोठीच अडचण. रोपलावणीला आपल्या बायका गुडघाभर चिखलात अनवाणी उतरतात. चिखलातली काच दिसत नाही, ती पायालाच कळते. प्लॅस्टिक गुरांच्या पोटात जाते, नाहीतर ओहोळातून वाहत जलाशयात. राकसकोप म्हणजे नुसते पाहायचे ठिकाण नव्हे, ते बेळगाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचे धरण आहे. मार्कंडेय नदी खानापूर तालुक्यात उगम पावते, राकसकोपला अडते आणि पुढे गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. इथे पाण्यात टाकलेली घाण शहरात राहणाऱ्या त्याच पाहुण्याच्या नळाच्या दिशेने निघते, हा हिशेब फारसा कुणी करत नाही.

आंबोलीचे उदाहरण तर पाठ्यपुस्तकात घालावे असे आहे. वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे गाव. तिथल्या कातळ-सड्यांवर आढळणारा एक छोटा भेक शास्त्रज्ञांनी २००९ साली जगासमोर आणला. त्याचा वावर इतक्या लहान टापूत आहे की तो अतिसंकटग्रस्त जातींत मोडतो. नेमका पावसाळ्यात तो प्रजननासाठी बाहेर पडतो, आणि नेमकी तेव्हाच रस्त्यावर वाहनांची रांग लागते. तिथेच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. उगमाच्या कुंडात सापडलेल्या एका लहानशा माशाची २०२० साली नवी जात म्हणून नोंद झाली आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. पुढच्या वर्षी महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. हीच हिरण्यकेशी आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत घटप्रभेच्या खोऱ्यात येते. म्हणजे आंबोलीचा उगम आणि आपली मार्कंडेय शेवटी एकाच पाण्यात मिसळतात. नदीला तालुका-जिल्ह्याच्या हद्दी ठाऊक नसतात, राज्यांच्याही नसतात.

हे झाले डोळ्यांना दिसणारे परिणाम. कचरा दिसतो, म्हणून त्यावर सगळे बोलतात. धूर मात्र घाटाच्या वळणावर विरून जातो आणि संपला असे वाटते. तो संपत नाही.

मुलांनी इथे वही-पेन घ्यावे. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. ते जळाले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साईड तयार होतो. पाऊण किलोतून सव्वादोन किलोहून जास्त कसे निघाले? मुलांना ही चूक वाटते, पण चूक नाही. पेट्रोलमध्ये बहुतांश कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. कार्बनचे वजन १२ धरले तर दोन ऑक्सिजनचे ३२, मिळून ४४. वाढलेले वजन हवेतल्या ऑक्सिजनचे आहे. डिझेलचा आकडा थोडा जास्त, लिटरला सुमारे २.७ किलो.

आता समजा, येऊन-जाऊन १५० किलोमीटरची सहल आहे. लिटरला १५ किलोमीटर जाणारी मोटार १० लिटर पेट्रोल खाईल आणि २३ किलो वायू सोडेल. गाडीत एकटाच असेल तर सगळा त्याच्या नावावर. चौघे असतील तर प्रत्येकी पावणेसहा किलो. पन्नास किलोमीटर देणारी मोटारसायकल ३ लिटरमध्ये जाऊन येईल, म्हणजे सुमारे ७ किलो. लिटरला ४ किलोमीटर चालणारी बस साडेसदतीस लिटर डिझेल जाळेल, वायू होईल सुमारे १०० किलो. आकडा ऐकून दचकायला होते. पण बसमध्ये पन्नास मुले बसली तर वाट्याला दोन-दोन किलोच येतात. विमानाचे गणित वेगळेच. हजार किलोमीटरच्या एका फेरीत एका प्रवाशामागे शंभर किलोच्या आसपास वायू जातो, तोही आकाशात उंचावर. प्रवास, हॉटेल, खाणेपिणे, खरेदी असे सगळे धरून जगाच्या एकूण उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा किती, याचा एक मोठा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. २००९ ते २०१३ या काळासाठी तो वाटा सुमारे ८ टक्के निघाला.

मग उरलेले? त्यात कोळशावरची वीज सर्वांत मोठी, मग पोलाद, सिमेंट, खते, मालवाहतूक, जंगलतोड. आणि शेतीही, हे आपण लपवता कामा नये. भाताच्या खाचरात पाणी साचून राहिले की तळाच्या चिखलाला हवा मिळत नाही. तिथले सूक्ष्मजीव पालापाचोळा कुजवताना मिथेन वायू तयार करतात. हा वायू हवेत फार वर्षे टिकत नाही, पण वीस वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे ८० पट उष्णता धरतो. म्हणून भात पिकवायचा नाही असे कुणी म्हणणार नाही. भात हे आपले अन्न आहे, आणि अन्नासाठीचा वायू व मौजेसाठीचा वायू एकाच तागडीत तोलणे आम्हाला पटत नाही. पण खाचर मध्येच एक-दोनदा सुकू दिले तर मिथेन कमी होतो, हे माहीत असलेले बरे. आपल्याकडची धूळवाफ पेरणी या बाबतीत उजवीच म्हणायची, कारण त्यात जमीन सुरुवातीपासून पाण्याखाली नसते.

या वायूंनी हवा तापते कशी, हे शोधून फार दिवस झाले. १८५० च्या दशकातच प्रयोगातून दिसले होते की कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ उष्णता अडवतात. १८९६ साली स्वीडनच्या अर्‍हेनियस यांनी कागदावर गणित मांडले. सूर्याचा प्रकाश हवेतून सहज खाली येतो; तापलेली जमीन जी उष्णता परत सोडते ती मात्र हे वायू अडवतात. थंडीत घोंगडी पांघरल्यावर ऊब येते ती घोंगडीची नसते, आपलीच असते. घोंगडी फक्त तिला जाऊ देत नाही. तसेच हे. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साईडचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावर मौना लोआ येथे १९५८ पासून मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५, आणि आता ४२० च्या वर. काही पालक विचारतात, सूर्यच जास्त तापत असेल तर? तसे असते तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालची हवा तापते आहे आणि वरची थंड होते आहे. घोंगडी जाड झाल्याची ती खूण.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी गोष्ट याच्या पुढे आहे. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. अरबी समुद्रही तापला आहे. त्यामुळे पाऊस एकूण तेवढाच पडला तरी त्याची वाटणी बिघडते. मधे पंधरा-पंधरा दिवस कोरडे जातात आणि मग चार दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळतो. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एका गुंठ्यावर सुमारे १०१ लिटर पाणी. एका दिवसात १०० मिलीमीटर पडला तर एकरावर चार लाख लिटर! एवढे पाणी मुरणार कधी? ते बांध फोडून, माती घेऊनच जाणार. ऑगस्ट २०१९ मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली या तिन्ही जिल्ह्यांनी ते अनुभवले. निपाणीजवळ यमगर्णी येथे वेदगंगेचे पाणी आले आणि महामार्ग बंद पडला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. याच्या उलट २०२३ साली मान्सून केरळातच ८ जूनला पोचला. मृग कोरडा गेला, धुळीत पेरलेल्या भाताकडे पाहत लोक बसले, आणि राकसकोपच्या पाण्याने तळ गाठला.

इथे एक सावधगिरी हवी. एखादे वर्ष वाईट गेले म्हणजे लगेच हवामान बदल, असे म्हणता येत नाही. २०२३ हे एल निनोचे वर्ष होते आणि एल निनो पूर्वीही येत होता. पुराचेही तसेच. नाले बुजवून, नदीच्या पात्राशेजारी भराव टाकून घरे बांधायची आणि पाणी घरात शिरले की जागतिक तापमानवाढीकडे बोट दाखवायचे, हे सोयीचे आहे, पण खरे नाही. हवामान म्हणजे तीस-तीस वर्षांची सरासरी. ती बदलते आहे, आणि म्हणूनच बुजलेला नाला आता जास्त महाग पडतो.

पर्यटन आणि हवामान यांची गाठ डोंगरावर पडते. घाटावरचे जंगल आणि सडे पावसाचे पाणी धरून ठेवतात आणि झऱ्यांतून हळूहळू सोडतात. पाऊस बेभरवशाचा झाला की या साठवणीची गरज वाढते. त्याच वेळी निसर्ग पाहायला येणाऱ्यांसाठी घाटमाथ्यावर रिसॉर्ट उठतात, रस्ते रुंद होतात, बागा मोडून प्लॉट पडतात. काजूची बाग विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण यांना रोख पैसा लागतो. पण विकलेल्या जमिनीवर पुढे त्याच घरातला मुलगा पगारी वॉचमन म्हणून उभा राहतो, असेही घडते. जमीन आपलीच ठेवून तिथे पाहुण्याला दोन वेळचे जेवण आणि एक खोली देता आली, आपले रताळे, काजू, तांदूळ त्याला थेट विकता आला, तर पैसाही घरात राहील आणि झराही. हे जमायला गावाने एकत्र बसावे लागेल. एकट्याचे हे काम नाही.

आता शाळेपुरते. सहल बंद करावी असा विचार एका बाजूने पुढे येतो. तो आम्हाला मान्य नाही. ज्या मुलाने आंबोलीचा सडा पाहिलाच नाही, त्याला त्याची काळजी का वाटावी? आमची सूचना इतकीच की सहल एका दिवसात जाऊन येता येईल अशा ठिकाणी, एकाच बसने न्यावी. पालकांनी मागून स्वतंत्र मोटारी आणू नयेत. डबा घरचा, पाण्याची बाटली स्टीलची. परतताना प्रत्येक वर्गाने आपला कचरा पोत्यात भरून शाळेत आणावा आणि वजन करून फळ्यावर लिहावे.

विश्वस्त मंडळाकडे दोन मागण्या केल्या आहेत. एक, शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवावा. त्याला फार खर्च नाही. उघड्या जागेत झाडा-भिंतींपासून दूर तो हवा, आणि रोज सकाळी साडेआठला नोंद घेणारा एक विद्यार्थी हवा. सुट्टीच्या दिवशीची पाळी शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी वाटून घ्यावी. दुसरी, जुन्या शेतकऱ्यांकडून पेरणीच्या आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या तारखा, जेवढ्या आठवतील तेवढ्या, लिहून घेण्यासाठी एक वही मिळावी. घरात आजोबा-आजी असतील तर मुलांनी आतापासूनच विचारायला सुरुवात करावी. तारीख आठवत नसेल तर नक्षत्र विचारा. मृगात पेरले की रोहिणीत, आर्द्रात लावण झाली की पुनर्वसूत, हे त्यांना नक्की सांगता येते.