गाडीला स्टिअरिंगच नाही, मग शर्यत जिंकतात कशी? समजून घ्या स्लॉट कार रेसिंग

गाडी जेमतेम वीतभर लांबीची. तिला ना स्टिअरिंग, ना गिअर, ना पेट्रोल. तरीही ब्रिटनमधल्या अनेक गावांत आठवड्यातली एक संध्याकाळ या गाड्यांसाठी राखून ठेवलेली असते. एखाद्या हॉलमध्ये लाकडी ट्रॅक असतो आणि शाळकरी पोरांपासून निवृत्त आजोबांपर्यंत सगळे त्याभोवती जमतात. या खेळाला म्हणतात स्लॉट कार रेसिंग.

आता तुम्ही म्हणाल, हा तर लहान मुलांचा खेळ!

सुरुवात खेळण्यापासूनच झाली. ब्रिटनमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांची मिनिमॉडेल्स नावाची कंपनी होती. १९५२ पासून ती 'स्केलेक्स' नावाच्या चावीच्या गाड्या विकायची. पुढे फ्रान्सिस यांनी चावी काढून विजेची मोटर बसवली. स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक मिळून नाव झालं 'स्केलेक्स्ट्रिक'. १९५७ च्या हॅरोगेट खेळणी प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि हिट झाली.

ही गाडी चालते कशी?

ट्रॅकवर प्रत्येक लेनमध्ये एक खाच असते. हीच ती स्लॉट. गाडीच्या पोटाखालची छोटी पट्टी या खाचेत बसते आणि गाडीला वळवते. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या असतात, त्यातून साधारण १२ व्होल्टची वीज मोटरला मिळते. खेळाडूच्या हातात असतो फक्त कंट्रोलरचा ट्रिगर. दाबला की वेग वाढतो. सोडला की मोटर उलट जनरेटरसारखी वागते आणि गाडीला ब्रेक लागतो.

मग यात कौशल्य ते कसलं?

सगळा खेळ वळणावर आहे. वेग जास्त झाला की मागची बाजू फेकली जाते, पट्टी खाचेतून निघते आणि गाडी ट्रॅकबाहेर जाते. घरगुती सेटमधल्या बऱ्याच गाड्यांना खाली लोहचुंबक असतो. तो गाडीला ट्रॅककडे ओढून धरतो. अनेक क्लबांत मात्र हा चुंबक काढायला लावतात. मग उरतात टायरची पकड, गाडीचं वजन आणि तुमचं बोट.

एक साधं गणित बघा. समजा शर्यत ३ मिनिटांची आहे आणि एक फेरी ८ सेकंदांची. तुम्ही जोर लावून प्रत्येक फेरीत ०.२ सेकंद वाचवले, तर शर्यतभरात साधारण साडेचार सेकंदांची कमाई होते. पण गाडी एकदा बाहेर पडली आणि परत ट्रॅकवर यायला ५ सेकंद लागले, तर सगळी कमाई पाण्यात! घाटातल्या पाटीवर लिहिलेलं असतं ना, 'अति घाई संकटात नेई', तेच इथेही लागू होतं.

बाहेरच्या लेनचं वळण मोठं, आतल्या लेनचं अवघड. त्यामुळे कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक खेळाडू आळीपाळीने सगळ्या लेनमध्ये खेळतो. शेवटी सगळ्या फेऱ्यांची बेरीज होते आणि ज्याच्या फेऱ्या जास्त, तो जिंकतो.

या खेळातली सगळ्यात भारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. बाहेर पडलेली गाडी उचलून परत खाचेत ठेवायची कुणी? ज्यांची पाळी नसते, ते खेळाडू वळणांवर उभे राहतात. त्यांना मार्शल म्हणतात. म्हणजे तुमची गाडी पडली की ती उचलणारा बहुतेक वेळा तुमचाच प्रतिस्पर्धी असतो. त्याने मुद्दाम दोन सेकंद उशीर केला, तर तुम्ही हरू शकता. पण पुढच्या हीटमध्ये त्याची गाडी पडेल, तेव्हा वळणावर तुम्ही उभे असाल.

म्हणूनच क्लबमध्ये नवीन आलेल्याला गाडी पळवण्याइतकंच महत्त्वाचं आणखी एक काम शिकावं लागतं, ते म्हणजे दुसऱ्याची पडलेली गाडी झटपट उचलून ठेवणं.